ओगादेनचे युद्ध कोणाचे होते?

१३ नोव्हेंबर १९७७ रोजी सोमालियाने सोव्हिएत संघाबरोबरचा मैत्रीकरार मोडीत काढला, देशातल्या सोव्हिएत सल्लागारांना चालते व्हायला सांगितले आणि क्यूबाशी राजनैतिक संबंध तोडले. त्याच महिन्याच्या अखेरीस सोव्हिएत मालवाहू विमाने शेजारच्या इथिओपियात शस्त्रे उतरवू लागली. ज्या देशाने सोमाली सैन्य उभे केले, त्याला रणगाडे आणि मिग विमाने देऊन ती चालवायला शिकवले, त्याच देशाच्या सेनाधिकाऱ्यांनी पुढच्या तीन महिन्यांत त्या सैन्याच्या पराभवाची आखणी केली. शीतयुद्धाच्या बहुतेक इतिहासांत ओगादेनचे युद्ध महासत्तांनी दुसऱ्यांच्या हातून लढवलेल्या युद्धांच्या यादीत येते. अंगोला, मग ओगादेन, मग अफगाणिस्तान असा तो क्रम असतो. दोन विचारसरणींचे दोन गट, त्यांच्यामध्ये एक ओसाड प्रदेश आणि तिथे मरणारे स्थानिक लोक, असे ते चित्र आहे. हे चित्र चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे, आणि ती चूक तपशिलाची नाही, मुळातली आहे. १९७७ साली लढणारी दोन्ही सरकारे स्वतःला मार्क्सवादी-लेनिनवादी म्हणवत होती. भांडण होते कुरणांचे, पाणवठ्यांचे आणि साम्राज्यांनी आखलेल्या एका रेषेचे. महासत्तांना त्यात भांडणाऱ्यांनी ओढले. आणि अखेर कोणाची सरशी होणार हे ठरवण्यात समाजवादापेक्षा आफ्रिकी राष्ट्रांनी १९६४ साली केलेल्या एका ठरावाचा वाटा मोठा होता.

आधी तो प्रदेश समजून घ्यायला हवा. इथिओपियाचे डोंगरी पठार पूर्वेला हरार आणि जिजिगाच्या पलीकडे उतरत जाते आणि पुढे सोमालियाच्या किनाऱ्यापर्यंत कोरडी, काटेरी झुडुपांची सपाट जमीन पसरते. ओगादेन आणि त्याच्या उत्तरेचा हौद हा याच जमिनीचा भाग. शेती करण्याइतका पाऊस बहुतेक ठिकाणी पडत नाही, म्हणून सोमाली लोक उंट, शेळ्या आणि मेंढ्या घेऊन पावसामागे फिरतात. उत्तर किनाऱ्याकडची कुळे पावसाळ्यात हौदच्या गवतावर येतात आणि गवत संपले, पाणी आटले की परत विहिरींकडे जातात. या जीवनात जमिनीच्या मालकीपेक्षा येण्याजाण्याचा हक्क मोठा असतो. पठारावरचे राज्य मात्र जमीन, वतन आणि सारा यांवर उभे होते. सम्राट मेनेलिकने १८८७ साली हरार जिंकले, आणि १८९६ साली अदवा येथे इटलीच्या फौजेचा पराभव केल्यावर त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करणे युरोपीय सत्तांना भाग पडले. १८९७ साली ब्रिटनने रेनेल रॉड यांना त्याच्या दरबारात पाठवले. सुदानच्या महदीपंथी बंडखोरांना मेनेलिकने शस्त्रे पुरवू नयेत ही ब्रिटनची मोठी काळजी होती. त्या तहात हौदचा मोठा भाग इथिओपियाकडे गेला. ज्या सोमाली कुळांशी ब्रिटनने १८८४ पासून संरक्षणाचे करार केले होते, त्यांना याबद्दल कोणी विचारले नाही.

या जागी मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सोमाली किनाऱ्यावर ब्रिटन आले ते मुख्यतः एडनसाठी. एडनच्या लष्करी तळाला मांस हवे होते आणि ते बर्बेराहून येणाऱ्या सोमाली मेंढ्यांमधून मिळत असे. एडन मुंबई इलाख्याखाली होते आणि १८९८ पर्यंत सोमाली किनाऱ्याचा कारभार एडनच्या रेसिडेंटमार्फत हिंदुस्थान सरकारच्या नावाने चालत असे. म्हणजे ज्या वर्षी हौदचे कुरण कागदावर देऊन टाकले गेले, त्या वर्षी त्या किनाऱ्याचे ब्रिटिश अधिकारी मुंबईतून येणाऱ्या साखळीतलेच होते. ते कुरण नेमके कोणाच्या उपयोगाचे आहे हे किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना कळत होते. तहाला जोडलेल्या पत्रांमध्ये दोन्ही बाजूंच्या टोळ्यांना चराईसाठी पलीकडे जाता येईल असे कलम आले ते त्यामुळेच. रेषा आखताना चराई वाचवण्याचा प्रयत्न झाला होता हे विसरता कामा नये, कारण पुढच्या ८० वर्षांत रेषा टिकली आणि कलम नाहीसे झाले.

हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. दक्षिणेकडे इटलीने आपला भाग घेतला होता. इटली आणि इथिओपिया यांच्यात १९०८ साली सीमेचा करार झाला, पण जमिनीवर ती सीमा कधीच नीट आखली गेली नाही. डिसेंबर १९३४ मध्ये वालवालच्या विहिरींपाशी दोन्ही बाजूंच्या फौजांत चकमक झाली आणि तेच निमित्त करून मुसोलिनीने पुढच्या वर्षी इथिओपियावर आक्रमण केले. राष्ट्रसंघाचे कंबरडे मोडणारे ते युद्ध पाणवठ्यांवरून पेटवता आले, ही गोष्ट ओगादेनबद्दल पुष्कळ सांगते. दुसऱ्या महायुद्धात इटली हरली आणि ओगादेन काही वर्षे ब्रिटिश लष्करी कारभाराखाली राहिले. तेवढ्या काळात जवळजवळ सगळे सोमाली एकाच सत्तेखाली होते. मग ब्रिटनने १९४८ साली ओगादेन आणि १९५४ च्या करारानंतर हौद इथिओपियाला परत केले. हौद गेल्याची बातमी आली तेव्हा सोमाली राजकारणाला जी धार आली ती पुढे कधी गेली नाही. त्याच वर्षी स्वीकारलेल्या सोमाली झेंड्यावर पाच टोकांची चांदणी आहे. ब्रिटिश सोमालीलँड, इटालियन सोमालीलँड, फ्रेंच सोमालीलँड म्हणजे आजचे जिबूती, केनियाचा उत्तर सीमाप्रांत आणि ओगादेन, असा त्या पाच टोकांचा अर्थ लावला गेला. १ जुलै १९६० रोजी पहिली दोन टोके एकत्र येऊन सोमाली प्रजासत्ताक झाले. नव्या प्रजासत्ताकाने जुने वसाहतकालीन तह आपल्यावर बंधनकारक नाहीत असे म्हटले. इथिओपियाने उत्तर दिले की तह बंधनकारक नसतील तर त्यांतले चराईचे हक्कही उरत नाहीत. कायद्याच्या वादात हे उत्तर चतुर होते. पण दोन्ही सरकारांनी मिळून पशुपालकांच्या हातातला एकमेव कागद फाडला, असा त्याचा व्यवहारातला परिणाम झाला. १९६४ च्या सुरुवातीलाच दोन्ही देशांच्या सैन्यांत लढाई झाली. तेव्हा इथिओपियात सम्राट होता, सोमालियात निवडून आलेले सरकार होते आणि मार्क्सवाद दोन्हीकडे नव्हता. हा पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. विचारसरणी येण्याच्या आधी तेच दोन देश त्याच जमिनीसाठी लढले होते.

यावर सरळ आक्षेप येतो. १९६४ ची लढाई लहान होती आणि काही आठवड्यांत थांबली. १९७७ चे युद्ध मोठे झाले ते शस्त्रांमुळे, आणि शस्त्रे विचारसरणीच्या वाटेने आली. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. सोव्हिएत शस्त्रांवाचून सोमालियाला एवढे मोठे आक्रमण करताच आले नसते. दुसऱ्या अर्ध्याचे तसे नाही, कारण तारखांचा क्रम वेगळा आहे. सोमालियाने सोव्हिएत लष्करी मदत घ्यायला सुरुवात केली ती १९६० च्या दशकाच्या आरंभी, संसदीय सरकारच्या काळात. पाश्चात्त्य देशांनी देऊ केलेली मदत कमी होती, कारण अमेरिका इथिओपियाशी बांधलेली होती. १९५३ च्या करारानुसार अमेरिका सम्राट हाइले सेलासींच्या सैन्याला शस्त्रे देत होती आणि बदल्यात अस्मारा येथे कॅग्न्यू हे टेहळणी केंद्र चालवत होती. सोमालियाचे शत्रुत्व इथिओपियाशी, म्हणून शस्त्रांसाठी दुसरे दार ठोठावणे भाग. सियाद बारेने सत्ता हाती घेतली ऑक्टोबर १९६९ मध्ये आणि 'शास्त्रीय समाजवाद' जाहीर केला त्यानंतर वर्षाने. सोव्हिएत मैत्रीकरार झाला जुलै १९७४ मध्ये. म्हणजे आधी सीमा, मग शस्त्रे, मग समाजवाद असा हा क्रम आहे. बारेच्या राजवटीला समाजवादाशी काहीच देणेघेणे नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. १९७२ साली सोमाली भाषेला लिपी मिळाली, त्यानंतरच्या साक्षरता मोहिमेत शाळा-महाविद्यालयांतले विद्यार्थी गावोगाव आणि पशुपालकांच्या तळांवर पाठवले गेले, १९७४-७५ च्या दुष्काळात भुकेल्या कुटुंबांना सोव्हिएत विमानांतून दक्षिणेत हलवून वसवले गेले. ही कामे खरी होती आणि त्यांतली काही टिकली. पण परराष्ट्र धोरणात चांदणीच्या पाच टोकांपुढे समाजवाद कधी उभा राहिला नाही.

तो उभा राहू शकतो का याची एकदा प्रत्यक्ष परीक्षा झाली, आणि म्हणून त्या प्रसंगावर थोडे थांबायला हवे. सप्टेंबर १९७४ मध्ये इथिओपियाच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या समितीने, म्हणजे देर्गने, हाइले सेलासींना पदच्युत केले. फेब्रुवारी १९७७ मध्ये मेंगिस्टू हाइले मरियमने प्रतिस्पर्ध्यांना ठार करून सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. कार्टर प्रशासनाने मानवी हक्कांच्या कारणावरून मदत कमी केली, मेंगिस्टूने एप्रिलमध्ये अमेरिकी केंद्रे बंद केली आणि मे महिन्यात तो मॉस्कोला गेला. आता लाल समुद्राच्या तोंडाशी तीन राजवटी मार्क्सवादी होत्या: इथिओपिया, सोमालिया आणि दक्षिण येमेन. सोव्हिएत गटाला दोन्ही शेजारी हवे होते. मार्च १९७७ मध्ये फिडेल कॅस्ट्रो एडनला आले आणि त्यांनी बारे व मेंगिस्टू यांना समोरासमोर बसवले. या समाजवादी देशांनी मिळून एक संघराज्य करावे, ओगादेनला त्यात स्वायत्तता असावी, म्हणजे सीमेचा प्रश्नच विरघळेल, अशी कल्पना होती. कॅस्ट्रोंचा त्यावर मनापासून विश्वास होता आणि ती कल्पना वाईटही नव्हती. विचारसरणी खरोखरच या राजवटींची प्रेरणा असती तर तिला याहून चांगली संधी मिळाली नसती. एकच पक्षभाषा बोलणारे दोन राज्यकर्ते, दोघांनाही मान्य असलेला मध्यस्थ, दोघांचाही एकच शस्त्रदाता, सगळे तिथे होते. बारेने आधी ओगादेनची मुक्ती, मग संघराज्य असा आग्रह धरला. मेंगिस्टूला इथिओपियाच्या एकतेत तडजोड नको होती. बैठक फसली. चार महिन्यांनी, जुलै १९७७ मध्ये, पश्चिम सोमाली मुक्ती आघाडीच्या बंडखोरांमागून सोमालियाचे नियमित सैन्य ओगादेनमध्ये शिरले.

युद्धाचा पहिला भाग सोमालियाचा होता. काही आठवड्यांत ओगादेनचा बहुतेक भाग त्यांच्या ताब्यात आला. १२ सप्टेंबरला जिजिगा पडले, त्यामागची कारामाराची खिंडही पडली आणि हरारच्या दिशेने वाट मोकळी झाली. पण ऑगस्टमध्ये दिरेदावावर केलेला हल्ला फसला होता, आणि त्या वेळी इथिओपियाच्या बाजूने क्यूबाचे सैन्य आलेले नव्हते. तिथे आणि नंतर आकाशात मोठे काम केले ते अमेरिकेने सम्राटाला दिलेल्या एफ-५ विमानांनी. अमेरिकेत बनलेली, एका मार्क्सवादी राजवटीच्या वैमानिकांनी उडवलेली ही विमाने दुसऱ्या मार्क्सवादी राजवटीची सोव्हिएत मिग पाडत होती. ऑक्टोबरपासून सोमाली सैन्य हरारच्या पुढ्यात अडकले. रसदीची वाट लांबली होती, सुटे भाग मिळत नव्हते आणि डोंगराळ मुलूख त्यांच्या सरावाचा नव्हता. मग सोव्हिएत पूल सुरू झाला. हवाई आणि सागरी मार्गांनी सुमारे एक अब्ज डॉलरची शस्त्रसामग्री आली. जनरल वासिली पेत्रोव यांच्याकडे मोहिमेची सूत्रे होती. आर्नाल्दो ओचोआ यांच्या हाताखाली हजारो क्यूबन सैनिक उतरले, संपूर्ण मोहिमेत त्यांची संख्या १२ ते १६ हजारांच्या दरम्यान होती, आणि दक्षिण येमेननेही आपले सैनिक पाठवले. कारामाराच्या खिंडीत समोरून डोके आपटण्याऐवजी त्यांनी डोंगर ओलांडून, हेलिकॉप्टरने सैन्य आणि चिलखती वाहने उतरवून सोमाली फळी मागून गाठली. ५ मार्च १९७८ रोजी जिजिगा परत गेले. चार दिवसांनी बारेने माघार जाहीर केली.

आता कोण कोणाच्या बाजूला उभे होते ते पाहिले तर गटांची विभागणी कुठेच जुळत नाही. इथिओपियाच्या बाजूला सोव्हिएत संघ, क्यूबा आणि दक्षिण येमेन होते, पण त्यांच्याच बाजूला इस्राएलही होते. लाल समुद्र दोन्ही काठांनी अरबांच्या हाती जाऊ नये म्हणून इस्राएल मेंगिस्टूला गुपचूप लष्करी मदत करत होते. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोशे दायान यांनी ते उघड बोलून दाखवल्यावर हा संबंध तुटला. दक्षिण येमेनचे सैनिक आणि इस्राएलचा दारूगोळा एकाच राजवटीच्या मदतीला, हे कोणत्याही विचारसरणीच्या नकाशावर बसत नाही. केनियाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जोमो केन्याटांचा केनिया भांडवलशाहीचा आणि पश्चिमेचा मित्र होता. तरी त्याने मेंगिस्टूची बाजू घेतली आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये सोमालियाकडे शस्त्रे नेणारे एक इजिप्शियन विमान आपल्या हद्दीत उतरायला लावले. कारण चांदणीचे एक टोक केनियाच्या उत्तर प्रांतावर रोखलेले होते आणि तिथे १९६० च्या दशकात सोमाली बंड होऊन गेले होते. सोमालियाच्या बाजूने सौदी अरेबिया आणि इजिप्त होते, जे बारेला समाजवादी म्हणून नव्हे तर अरब लीगचा सदस्य म्हणून आणि सोव्हिएत तळ हटवणारा म्हणून मदत करत होते. सीमेचा निकष लावा, आणि प्रत्येक शेजाऱ्याची जागा लगेच कळते. विचारसरणीचा निकष लावला तर निम्मे अपवाद म्हणून बाजूला ठेवावे लागतात.

वॉशिंग्टनमध्ये जे घडले त्यातही हेच दिसते. जुलै १९७७ च्या अखेरीस अमेरिकेने सोमालियाला संरक्षणात्मक शस्त्रे देण्याची तत्त्वतः तयारी दाखवली होती. सोव्हिएत मित्र आपल्याकडे येतो आहे, गटांच्या हिशेबात याहून मोठा लाभ कोणता? पण सोमाली सैन्य सीमा ओलांडून आत गेल्याचे स्पष्ट झाले आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रझेझिन्स्की यांना लाल समुद्राजवळ विमानवाहू जहाजांचा ताफा पाठवायचा होता, परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी त्याला विरोध केला. आक्रमण करणाऱ्याच्या बाजूने उभे राहिलो तर सबंध आफ्रिका आपल्याविरुद्ध जाईल हा व्हान्स पक्षाचा मुद्दा होता आणि तोच टिकला. आफ्रिका विरुद्ध का गेली असती? कारण जुलै १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी ऐक्य संघटनेने ठरवले होते की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्या सर्वांनी मानाव्यात. सोमालियाने तो ठराव मान्य केला नाही आणि मोरोक्कोनेही नाही. बाकीच्यांना मात्र त्यात आपले अस्तित्व दिसत होते. काँगोत काटांगाचे आणि नायजेरियात बियाफ्राचे रक्त सांडून झाले होते. ऑगस्ट १९७७ मध्ये लिब्रव्हिलला भरलेल्या संघटनेच्या समितीनेही सीमा अभंग राहाव्यात हेच पुन्हा सांगितले. सोव्हिएत संघाला एवढा उघड हस्तक्षेप करूनही आफ्रिकेत फारसा रोष पत्करावा लागला नाही, तो या ठरावामुळे. सोव्हिएत विमाने आक्रमण झालेल्या देशात, त्याच्या सरकारच्या बोलावण्यावरून उतरत होती. इथिओपियाच्या सैन्याने जिजिगा परत घेतल्यावर सीमा ओलांडली नाही, तसे आश्वासन अमेरिकेलाही आधी दिले गेले होते. पुढे ब्रझेझिन्स्कींनी लिहिले की शस्त्रमर्यादेचा करार ओगादेनच्या वाळूत गाडला गेला. महासत्तांमधल्या संबंधांवर त्या युद्धाचा परिणाम झाला हे मला मान्य आहे. पण युद्धाचा परिणाम दूरवर जाणे आणि युद्धाचे कारण दूर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्यूबाचा आक्षेप सर्वात कठीण आहे आणि तो टाळू नये. हजारो मैलांवरच्या एका गरीब बेटाने आपली मुले जिजिगाला मरायला पाठवली, त्यात त्याची जमीन, तेल किंवा कुरण काही गुंतलेले नव्हते. ही तर शुद्ध विचारसरणीच झाली. क्यूबन सैनिक केवळ मॉस्कोच्या हुकुमाने आले, असे सोपे उत्तर त्यावर देता येईल, पण ते न्याय्य नाही. कॅस्ट्रोंना इथिओपियातली क्रांती खरी वाटत होती आणि बारेने एडनला त्यांचा विश्वास गमावला होता. तरी क्यूबाच्या वागण्यातच या आक्षेपाचे उत्तर आहे. मेंगिस्टू त्याच काळात एरिट्रियाच्या बंडखोरांशी लढत होता. एरिट्रियाचे मुख्य बंडखोर स्वतः मार्क्सवादी होते आणि क्यूबाने त्यांना पूर्वी मदत केली होती. ओगादेननंतर क्यूबाने आपले पायदळ एरिट्रियाच्या लढाईत उतरवले नाही. ओगादेन हे परकीय आक्रमण आणि एरिट्रिया हा देशांतर्गत प्रश्न, असा भेद तो करत होता. म्हणजे सर्वांत निष्ठावान विचारसरणीचा देशसुद्धा आपल्या बंदुकांची मर्यादा आफ्रिकेच्या सीमारेषेवरून ठरवत होता.

विचारसरणीचे काम या युद्धात कुठे दिसते, तर ते सीमेपलीकडे नव्हे, देशाच्या आत. मार्च १९७५ मध्ये देर्गने शेतजमिनीचे राष्ट्रीयीकरण केले आणि दक्षिण इथिओपियातल्या कुळांना प्रथमच जमीनदारापासून सुटका मिळाली. मेंगिस्टूने हाक दिली तेव्हा अदिस अबाबाजवळच्या तातेक छावणीत हजारो शेतकरी लष्करी शिक्षणासाठी आले. काहींना जबरदस्तीने आणले हे खरे, पण जमीनदार परत येईल ही भीती खरी होती आणि ती त्या सैन्याची ताकद बनली. त्याच वेळी अदिस अबाबाच्या रस्त्यांवर 'लाल दहशत' चालू होती आणि देर्ग ज्यांना मारत होता त्यांतले बहुसंख्य तरुण मार्क्सवादीच होते. हरार वाचवण्याची लढाई आणि स्वतःच्याच विचाराच्या मुलांची कत्तल, हे एकाच सरकारने एकाच हिवाळ्यात केले. या क्रौर्याला ओगादेनच्या विजयाने झाकू देणे हा इतिहासलेखनातला अपराध आहे. इथिओपियात आजही कारामाराचा विजय साजरा होतो. शत्रूला परत पाठवणाऱ्या सैनिकांचा तो हक्क आहे. मेंगिस्टूचा नाही.

शेवटचा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे, म्हणून तो मला जास्त टोचतो. कैरोच्या ठरावाने निकाल लावला असेल तर तो निकाल न्याय्य होता का? ओगादेनच्या सोमालींना कोणत्या देशात राहायचे हे कोणीच विचारले नव्हते, १८९७ मध्ये नाही, १९५४ मध्ये नाही आणि १९७८ मध्येही नाही. सीमा बदलण्याची दारे उघडली असती तर आफ्रिकेत शंभर ओगादेन झाले असते, म्हणून ठराव योग्य होता असे मला वाटते. पण सीमा न हलवता चराईचा हक्क देता आला असता. १८९७ मध्ये तो दिला होता, १९५४ च्या करारात पुन्हा मान्य केला होता. रेषा जपणाऱ्यांनी कलम जपले नाही, ही आफ्रिकी ऐक्य संघटनेची आणि इथिओपियाची चूक होती. आणि सोमालियाची चूक अशी की पशुपालकांच्या चराईचा प्रश्न त्याने राष्ट्राच्या चांदणीचा प्रश्न केला. चराईवर बोलणी शक्य होती. चांदणीचे टोक कापून देणे कोणत्याही सोमाली सरकारला शक्य नव्हते.

किंमत दिली ती पशुपालकांनी. ओगादेनमधून लाखो लोक सोमालियात निर्वासित झाले आणि त्यांच्या छावण्या वर्षानुवर्षे राहिल्या. पराभवानंतर महिन्याभरात, एप्रिल १९७८ मध्ये, सोमाली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी बारेविरुद्ध उठाव केला. तो फसला, आणि त्यातून वाचलेल्यांनी सीमेपलीकडे, त्याच इथिओपियात आसरा घेतला. बारेने १९८० साली बर्बेराचा तळ अमेरिकेला वापरू दिला. एकाच धक्क्यावर आधी सोव्हिएत आणि मग अमेरिकी नौदल आले, यावरून गटांना त्या जागेचे मोल काय वाटत होते ते समजते. एप्रिल १९८८ मध्ये बारे आणि मेंगिस्टू यांनी समझोता केला: एकमेकांच्या बंडखोरांना आसरा द्यायचा नाही. त्या समझोत्याने कोंडी झालेल्या उत्तर सोमालियाच्या बंडखोरांनी मे महिन्यात हार्गेसा आणि बुराओवर चाल केली आणि बारेच्या विमानांनी आपल्याच देशातले हार्गेसा शहर बेचिराख केले. जानेवारी १९९१ मध्ये बारे मोगादिशूतून पळाला, मे महिन्यात मेंगिस्टू अदिस अबाबातून. जी दोन राज्ये ओगादेनसाठी लढली त्यांतले एक कोसळले ते आजवर पूर्ण सावरलेले नाही.

त्याच वर्षी सोव्हिएत संघही संपला. गटांचे भांडण हेच खरे कारण असते तर ओगादेन तिथे शांत व्हायला हवे होते. ते झाले नाही. नव्या इथिओपियाने त्या प्रदेशाला सोमाली प्रांत म्हणून संघराज्यात जागा दिली, तरी १९८४ साली स्थापन झालेल्या ओगादेन राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे बंड चालूच राहिले. एप्रिल २००७ मध्ये तिने अबोले येथील तेलशोधाच्या ठिकाणावर हल्ला केला आणि त्यात ७० हून अधिक लोक मारले गेले, त्यांत चिनी कामगारही होते. सरकारशी तिचा शांतता करार झाला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये, अस्मारा येथे, शीतयुद्ध संपून पाव शतक उलटल्यावर. ओगादेनचे युद्ध शीतयुद्धाच्या यादीतून काढून आफ्रिकेच्या सीमांच्या इतिहासात ठेवले पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी. १९५० साली ब्रिटनने इटलीकडे दक्षिण सोमालिया सोपवताना ओगादेनच्या कडेने एक रेषा आखली होती आणि पक्की सीमा ठरेपर्यंत तिला 'तात्पुरती प्रशासकीय रेषा' म्हटले होते. अनेक नकाशांवर ती आजही याच नावाने छापली जाते.